दगडावर आधीच कोरलेली फेर्नांद

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं, आणि आता परत बसलेय आणि वाचून बघायला थांबणार नाहीये, कारण थांबले की परत खोडेन. यात पुढे एक लाल टोपीवाली मुलगी येते. ती मी आहे. पण मी तिला "ती मुलगी"च म्हणणार, कारण "मी" म्हटलं की मी लगेच स्वतःची बाजू घ्यायला लागेन, आणि बाजू घेण्यासारखं तिने काहीही केलेलं नाही. बाकीचं, जे मी पाहिलं नाही, ते सगळं आर्लेतने सांगितलं. ब्रेमोंच्या बसथांब्यावर, शिव्या घालत. शिव्या मी कमी केल्यात.

तर फेर्नांद.

फेर्नांद हांके, वय शहाऐंशी, बेल्जियममधलं, म्यूझ नदीकाठचं ब्रेमों गाव, स्टेशनामागच्या रांगेतलं तिसरं घर. एकतीस वर्षं गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले आणि सूप वाढलं. "टाकलंस तर उद्या तेच गरम करून देईन," असं ती पोरांना म्हणायची, आणि खरंच द्यायची. ब्रेमोंमधले पन्नाशीचे, पोट सुटलेले बाप्ये अजूनही तिला रस्त्यात बघितलं की बशी चाटून पुसल्यासारखा चेहरा करतात. मूलबाळ नाही. नवरा ऑक्ताव खाणीत होता, निळ्या दगडाच्या. त्याच्या छातीत इतकी धूळ गेली होती की शेवटी शेवटी तो खोकला की फेर्नांद म्हणायची, "हळू रे, भिंतीला पोपडे येतील." एक्याण्णव साली गेला.

आता आमच्याकडे खाणवाल्यांच्यात एक रीत आहे. जोडप्यातलं एक गेलं की कबरीच्या दगडावर दोघांचीही नावं एकदमच कोरून घ्यायची, म्हणजे अक्षर एकाच हाताचं राहतं. गेलेल्याचं सगळं, राहिलेल्याचं नाव आणि जन्मसाल. त्यापुढे एक आडवी रेघ आणि थोडी जागा. ऑक्तावचा दगड त्याच्याच खाणीतल्या दोस्ताने कोरला. आणि तो दोस्त, रडत होता म्हणून असेल नाहीतर प्यायलेला होता म्हणून, रेघेपुढे "१९" सुद्धा कोरून मोकळा झाला. फेर्नांद हांके, १९३७ – १९, आणि पुढे दोन आकड्यांची जागा. चोपन्न वर्षांची बाई शतक संपायच्या आत आटपेल असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

ती आटपली नाही. दोन हजार साल उजाडलं तेव्हा खाटकाच्या दुकानातल्या रांगेने टाळ्या वाजवल्या. "फेर्नांद, दगडाला खोटं पाडलंस!"

"अगं मग बदलून घे की तो," शेजारची आर्लेत म्हणाली. आर्लेत बारा वर्षांनी लहान, पण जीभ तेवढीच वयस्कर.

"कशाला? वर गेले की ऑक्तावला सांगायचंय, बघ तुझ्या दोस्ताचं काम."

तेवीस वर्षं हा विनोद गावात चालला. फेर्नांदला आवडायचा. माणसं तिच्याशी बोलायची ती त्या विनोदामुळे, नाहीतर म्हातारीशी कोण कशाला बोलतंय.

त्यातल्या विसाव्या वर्षी, एका गुरुवारी, ल्युडोविक आला. चाळिशीचा, लिएज शहरातला, चित्रकादंबऱ्या काढणारा, लांब मानेचा, पावसाळी कोट घातलेला. कुणाच्यातरी मयताला ब्रेमोंच्या दफनभूमीत आला होता, तिथे त्याने तो दगड पाहिला आणि विचारत विचारत तिच्या दारात.

"मादाम हांके? तुम्ही म्हणजे... त्याच का?"

"दगडावरची? हो. आत ये. पाय पूस."

त्यानंतर तीन वर्षं तो दर गुरुवारी आला. तीन वाजता. फेर्नांद बुधवारी दूध आणून ठेवायची आणि गुरुवारी सकाळी त्यात तांदूळ शिजवून टार्ट करायची, वरून तपकिरी डाग पडेपर्यंत भाजलेली. तो दोन तुकडे खायचा आणि वही काढायचा. आधी तिचे हात काढले. मग म्हणाला, पाय काढू का, मोजे काढाल? तिने काढले. मग ग्लासातली कवळी. मग कवळीशिवाय तोंड. मग पोटावरचा हर्नियाचा पट्टा. ती खिडकीशी बसायची आणि तो बघायचा, दोन दोन तास, मान वाकडी करून.

"लाज आहे का गं तुला?" आर्लेत म्हणाली. "या वयात परक्या बाप्यासमोर मोजे काढतेस?"

"तो बघतो गं."

"तेच म्हणतेय मी! काय बघतो?"

"मला," फेर्नांद म्हणाली.



पुस्तक सप्टेंबरात आलं. पोस्टाने. त्याच्याबरोबर तो आला नाही. करड्या कव्हरचं जाडजूड पुस्तक, नाव 'अजून'. फेर्नांदने भिंग घेऊन वाचलं. एक बाई आहे, तिच्या दगडावर चुकीचं शतक कोरलंय, त्यामुळे मरण तिचा पत्ता चुकलंय, आणि ती म्हातारी होतच राहते. पानागणिक ती लहान होत जाते आणि तिच्या घरातल्या वस्तू मोठ्या. खुर्चीवर चढायला तिला शिडी लागते. तिचा कान सूपमध्ये पडतो, बोटं शेजारणीच्या अंगणात सापडतात, शेजारीण ती बिस्किटांच्या डब्यात गोळा करून ठेवते. दर गुरुवारी एक बगळा येतो, टार्ट खातो, आणि जाताना तिच्यातलं काहीतरी चोचीत धरून नेतो. शेवटी ती मुठीएवढी उरते, स्वतःच चालत दगडापाशी जाते, आणि दगडावरचं "१९" पुसून तिथे २०२३ येतं. शेवटचं पान कोरं.

कान सूपमध्ये पडतो तिथे फेर्नांद मोठ्याने हसली. शाळेतल्या सूपची आठवण झाली. पट्ट्याचं चित्र आलं तिथे तिने भिंग खाली ठेवलं आणि परत उचललं. तो गेल्यावर ती खिडकीतून बघत राहायची तेही त्याने काढलं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं. म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावरून तो वळून बघायचा. तिला ते वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं, हे आर्लेतने दोनदा सांगितलं मला, बरं वाटलं त्या मूर्ख बाईला.

आणि मग कोऱ्या पानामागे चार ओळी: फेर्नांद गेली. हे पुस्तक तिच्या गुरुवारांचं आहे.

तिने फोन लावला. "ल्युडोविक, मी गेले असं छापलंयस तू."

तो हसला. "ती पुस्तकातली फेर्नांद, मादाम. तुम्ही कुठे गेलात! सध्या खूप गडबड आहे, जरा निवळू दे, येतो मी. गुरुवारी."

कुठल्या गुरुवारी ते तिने विचारलं नाही. तिला वाटलं विचारलं तर तो नाही म्हणेल. पुस्तकात मार, कागदावर मार, जगाला सांग मी मेले म्हणून, पण गुरुवारी ये. एवढंच तिला हवं होतं, बाकी काही नाही. ती दर गुरुवारी टार्ट करत राहिली आणि दर शुक्रवारी आर्लेत ती नाक मुरडत खात राहिली. आर्लेतला तांदळाची टार्ट आवडत नाही.

ऑक्टोबरात गावच्या वाचनालयात त्या पुस्तकावर वाचकांची बैठक ठेवली. बाहेरून माणसं आली, नामूरहून, लिएजहून. ग्रंथपाल नवीन होती, तिला गावातलं कोणी माहीत नव्हतं. आर्लेत म्हणाली, चल, बघू तरी काय बोलतात, आणि दोघी मागच्या रांगेत, कोट न काढता बसल्या.

"मला तर चाळिसाव्या पानापासून वाटत होतं, मर की गं बाई एकदाची," चष्मा लावलेली एक बाई म्हणाली, आणि सगळे हसले. चांगल्या मनाने हसले, बरं का. हेच तर आहे. वाईट माणूस एकही नव्हता तिथे.

"मला वास यायचा," एक तरुण म्हणाला. "खरंच, पानांना. माझ्या आजीच्या खोलीचा. मी पुस्तक बाल्कनीत ठेवायचो."

"मला ती शेजारीण आवडली. डबेवाली. तेवढीच एक माणूस आहे त्यात."

आर्लेतने कोपर मारलं. "ऐक."

एक जाडसर माणूस उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, वाचून खूप रडलो. रडल्यावर मला हलकं वाटलं. माझी आई वृद्धाश्रमात आहे, दोन वर्षं गेलो नाही तिच्याकडे, आणि पुस्तक वाचल्यावर वाटलं की आता जायची तेवढी गरज नाही, मी मनात तिचा निरोप घेतला. त्यावर ग्रंथपालबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, किती प्रामाणिक. दोघांतिघांनी टाळ्या वाजवल्या.

"थुंकू का त्याच्यावर?" आर्लेत म्हणाली.

"गप."

आणि मग फेर्नांदनेच हात वर केला. शाळेत कधी बसली नसेल इतकी ताठ बसली. "तो बगळा," ती म्हणाली. "तो यायचा थांबतो शेवटी. का थांबतो?"

चष्मेवाली वळली. आवाज मऊ केला, लहान मुलाला समजवावं तसा. "अहो मादाम, तो बगळा म्हणजे मरणच ना! दर आठवड्याला येतो, बघतो काय काय शिल्लक आहे, थोडं थोडं नेतो. सगळं नेऊन झालं की कशाला येईल?"

"असं होय," फेर्नांद म्हणाली.

घरी जाताना फेर्नांद फाटकापाशी थांबून म्हणाली, "मला वाटलं बगळा म्हणजे नुसता बगळा. त्याची मान लांब आहे म्हणून."

"आता तरी टार्ट बंद करशील?"

"उद्या गुरुवार आहे," फेर्नांद म्हणाली आणि आत गेली.

मग एक नोव्हेंबर आला, सर्व संतांचा दिवस. सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत जातं. फेर्नांद दरवर्षी ऑक्तावला पिवळी शेवंती नेते आणि दगड घासायला ब्रश आणि काळा साबण. आर्लेत तिच्या आईवडिलांच्या दगडाशी अडकली होती, म्हणून फेर्नांद एकटीच पुढे गेली.

तिच्या अर्ध्या बाजूवर, म्हणजे तिच्या नावाखाली, ढीग होता. पणत्या. तीन बिस्किटांचे डबे. खेळण्यातली प्लास्टिकची कवळी. कुणीतरी विणलेला एवढासा कान. आणि पत्रं, पावसाने भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. आणि पत्रांपलीकडे एक मुलगी गुडघ्यावर बसलेली, लाल टोपी, हातात पांढऱ्या रंगाचं जाड पेन, आणि तिच्या दोन मैत्रिणी मागे उभ्या. मुलीने नुकताच शेवटचा तीन काढला होता. "१९"वर आडवी रेघ मारलेली, खाली पांढऱ्या आकड्यांत २०२३. चित्रकलेच्या कॉलेजातली मुलगी, अक्षर छान होतं.

"हे काय चाललंय?" फेर्नांदने विचारलं.

मुलगी दचकली, पण म्हातारी बघून हसली. "पुस्तकातल्यासारखं करतोय, मादाम. हिचं साल कुणी टाकलंच नाही. बघा ना, गेली तरी तसंच ठेवलंय. कुणी नव्हतंच वाटतं हिला."

"कोण होती ही?"

आणि त्या मुलीने फेर्नांदला फेर्नांद कोण ते सांगितलं. दहा मिनिटं सांगितलं. हात हलवत, डोळ्यांत पाणी आणून. टार्ट, खिडकी, पट्टा, सगळं. फेर्नांद कुंडी पोटाशी धरून ऐकत होती.

"आणि मरताना त्रास झाला का तिला?"

"नाही हो! फार सुंदर झालं. शेवटचं पान कोरं आहे. मी तीन दिवस रडले." मग मुलीने फोन पुढे केला. "आमचा एक फोटो काढाल? दगड येऊ दे."

फेर्नांदने कुंडी खाली ठेवली आणि फोटो काढला. तिघी मुली, मध्ये दगडावर ती स्वतः, २०२३. "सरका जरा डावीकडे, ऑक्ताव झाकला जातोय."

"तुम्ही ओळखायचात तिला?" मुलीने विचारलं.

"थोडंफार. स्वभावाने वाईट होती. सूप टाकलं तर दुसऱ्या दिवशी तेच द्यायची."

तेवढ्यात मागून आर्लेत धापा टाकत आली. दगड बघितला, पांढरं बघितलं आणि अशी ओरडली की चार रांगांपलीकडची माणसं वळली. "फेर्नांद! हे कुणी केलं? फेर्नांद!"

त्या मुलीचा चेहरा... आर्लेत म्हणते, उकडलेल्या बटाट्यासारखा झाला. मुलीने दगडाकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. माफी मागायला हवी होती. पेन खिशात घालायला हवं होतं, ब्रश घ्यायला हवा होता. ती पळाली. तिघीही पळाल्या, फाटकापर्यंत, आणि बसमध्ये एकीला हसू फुटलं आणि मग तिघींनाही, भीतीने असेल, पण हसल्या. मी सांगितलं ना, बाजू घेणार नाही.

आर्लेतने काळा साबण लावून अर्धा तास घासलं. निळा दगड रंग पितो. पांढरं गेलं आणि करडं राहिलं, उलट जुनं वाटायला लागलं, जसं काही तीन वर्षांपूर्वीच टाकलंय.

"अजून दोन महिने आहेत या सालाचे," फेर्नांद म्हणाली. "घाई करायला हवी मला."

"तोंड बंद कर."

मग तिने पत्रं वाचली. थंडीत, तिथेच उभी राहून, एकेक. 'प्रिय फेर्नांद, तू खूप कंटाळवाणी होतीस आणि मी तुला कधी विसरणार नाही.' 'प्रिय फेर्नांद, तुझ्यामुळे मी ठरवलं की सत्तरीनंतर जगायचं नाही.' 'तुझे पाय बघून मी पाच किलो वजन कमी केलं.' एक लहान मुलाचं होतं, वाकड्या अक्षरात: 'तुझा कान मला सापडला तर मी देईन.' ते एक तिने कोटाच्या खिशात घातलं.

आणि मग तिने ठरवलं की आपणच जायचं. नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी लिएजच्या एका पुस्तकाच्या दुकानात ल्युडोविक सह्या करणार होता. आमच्याकडे सही म्हणजे नुसती सही नसते, चित्रकार प्रत्येकाच्या पुस्तकात चित्र काढून देतो. माणसं घडीचं स्टूल आणि डबा घेऊन तीन तीन तास रांगेत बसतात. चित्रकार मान वर करत नाही. नाव विचारतो, काढतो, शाई फुंकतो, पुढचा. कुणाला वाईट वाटत नाही, हात बघायला आलेले असतात सगळे.

फेर्नांद बसने एकटी गेली. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात टार्टचा डबा. स्टूल नव्हतं. अडीच तास उभी. पुढच्या जोडप्याने तिला निरखून बघितलं आणि बाई नवऱ्याला म्हणाली, "बघ रे, किती छान वेश केलाय! पण पुस्तकातली जास्त वाकलेली आहे." नवऱ्याने अंगठा दाखवला. फेर्नांदनेही दाखवला.

ती लाल टोपीवाली मुलगी तीन माणसं मागे होती. टोपीशिवाय. तिने फेर्नांदला ओळखलं आणि खाली बघितलं.

फेर्नांदची पाळी आली. तिने पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं, आणि डबा बाजूला ठेवला, आणि दोन्ही हात पुस्तकाच्या कडेवर ठेवले. तीन वर्षं त्याने काढलेले हात.

"कुणाच्या नावाने?" ल्युडोविकने मान खाली ठेवूनच विचारलं.

"फेर्नांद."

पेन थांबलं. मुलीने ते स्पष्ट पाहिलं. ब्रश उचलून धरावा तसं पेन हवेत राहिलं, त्या हातांच्या वर, एक श्वास, दोन श्वास. त्याची नजर हातांवरून डब्यावर गेली. झाकणाच्या फटीतून दुधाचा भाजका वास येत होता. मग पेन खाली आलं आणि चालायला लागलं. बगळा निघाला, उडून जाणारा, पाठमोरा. खाली त्याने लिहिलं, 'फेर्नांदच्या आठवणीत'. शाई फुंकली. पुस्तक मिटलं नाही, फक्त तिच्याकडे सरकवलं.

"बरेच जण हेच नाव सांगतात," तो म्हणाला. मान खालीच. "आभारी आहे. पुढचे?"

ती अजून एक क्षण थांबली. मग डबा उचलला. ठेवून येईल असं मुलीला वाटलं होतं. नाही, उचलला.

मुलगी रांग सोडून तिच्यामागे धावली. फुटपाथवर गाठलं. "मादाम हांके. ती मी... दगडावर... मला माफ करा."

"फोटो चांगला आला का?"

मुलगी रडायला लागली. भर रस्त्यात, मोठ्याने, नाक पुसत. आणि रडता रडता तिच्या तोंडून गेलं, "मी येऊ का? गुरुवारी? मी येते. प्रत्येक गुरुवारी येते."

फेर्नांदने तिच्याकडे बघितलं. कुणी इतका वेळ बघितलं नव्हतं त्या मुलीकडे. "वही आणू नको," ती म्हणाली. "आणि तीनला ये. टार्ट थंड झाली की दगड होते."

तो तेवीस तारखेचा गुरुवार. मुलीचं सादरीकरण होतं. पुढच्या गुरुवारी सर्दी. त्यानंतरच्या आठवड्यात सेंट निकोलसचा सण, सगळं कॉलेज प्यायलेलं, गुरुवारी डोकं उचलत नव्हतं. मग अभ्यासाची सुट्टी. मग नाताळ. मग वाटलं आता इतके दिवस झाले, आता काय तोंड घेऊन जाऊ. मग पेपर. सात गुरुवार. लिहायला किती कमी वेळ लागतो बघा.

फेर्नांद पहिल्या गुरुवारी बाहेरची पायरी धुऊन बसली. दुसऱ्या गुरुवारी आर्लेतला म्हणाली, बसचा गोंधळ असेल. तिसऱ्या गुरुवारी चार वाजता तिने टार्ट उचलली आणि आर्लेतकडे न देता मागच्या अंगणात पक्ष्यांना कुस्करून टाकली. त्यानंतर बुधवारचं दूध बंद केलं. एक जानेवारीला आर्लेत शुभेच्छा द्यायला गेली आणि नेहमीसारखं म्हणाली, "फेर्नांद, दगडाला परत खोटं पाडलंस!" फेर्नांद हसली नाही. म्हणाली, "नाही गं. या वेळी दगड बरोबर आहे."

अकरा जानेवारीला, पेपर संपल्यावर, मुलगी गेली. गुरुवारी, तीनला पाच कमी असताना. हातात बेकरीतून आणलेली टार्ट, रिबीन बांधलेली. आतून टीव्हीचा आवाज येत होता. घंटी वाजवली. टीव्ही बंद झाला. मग साखळी लावूनच दार चार बोटं उघडलं.

"मादाम हांके..."

"कोण हवंय?"

"मादाम हांके. मी... मला उशीर झाला."

"त्या गेल्या," फेर्नांद म्हणाली. आवाज अगदी साधा, चौकशीच्या खिडकीतल्यासारखा.

"मादाम, प्लीज."

"दोन हजार तेवीसला गेल्या. खोटं वाटत असेल तर दफनभूमीत जाऊन बघ, दगडावर लिहिलंय. अक्षर ओळखशील." तिने टार्टकडे बघितलं. "आणि ही दुकानातली आहे."

दार लागलं. टीव्ही परत सुरू झाला. मुलगी पायरीवर उभी राहिली, थंडीत, किती वेळ माहीत नाही. पायपुसणं तिथेच होतं, स्वच्छ, कुणाचा पाय न लागलेलं. बसथांब्यावर आर्लेत भेटली, तिने ती टार्ट हिसकून कचऱ्यात टाकली, आणि मग शेजारी बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तर आता "मी" म्हणते, कारण गोष्ट संपली. फेर्नांद आहे. जिवंत आहे, शहाऐंशीची सत्त्याऐंशी झाली. दगडावरचं ते करडं साल ती घासू देत नाही. माझ्या कॉलेजात त्या पुस्तकावर तास झाला, शेवट कसा वाटला असं सरांनी विचारलं, आणि मुलांनी एकाहून एक सुंदर उत्तरं दिली. कुणीतरी म्हणालं, करुण.

मला ती दार उघडणार नाही. बरोबर आहे तिचं. पण तुमच्याही ओळखीत एक कुणीतरी असेल, ज्याला तुम्ही फोनवर नाहीतर रस्त्यावर "येते हं" म्हणून ठेवलंय आणि ज्याने त्या दिवशी काहीतरी करून ठेवलं होतं खायला. ते अजून दार उघडतंय, तेवढ्यात जा. या आठवड्यात जा. वही नको, फोन नको, दुकानातलं काही नको. आत बोलावलं तर पाय पुसून जा, आणि बसा.